पाचशेच्या स्टँपवरचा सदाचार

पाचशेचा स्टँप आणलात का? मग निम्मं काम झालं. ‘आमच्याकडे शोषण होत नाही’ हे प्रतिज्ञापत्र पूर्वी शंभरच्या स्टँपवर भागायचं, पण ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात शंभर-दोनशेच्या जागी पाचशेचा स्टँप आला आणि सदाचार एका रात्रीत पाचपट महागला. तरी बाजारभावापेक्षा स्वस्तच म्हणायचा.

तुमची बदली भांडार विभागात झाली आणि पहिल्याच आठवड्यात वरून पत्र आलं, की यापुढची खरेदी ‘नैतिक पुरवठा साखळी’च्या निकषांवर व्हावी. घाबरू नका. मी गेली बावीस वर्षं ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका झेरॉक्सवाल्याच्या पोटमाळ्यावर बसून लोकांच्या निविदा भरून देतोय. कोणत्या कार्यालयांच्या, ते विचारू नका. पोटावर पाय येतो.

पहिली गोष्ट, अट घालायची तर भरघोस घाला. ‘निविदाधारकाने आपल्या संपूर्ण पुरवठा साखळीत बालमजुरी, वेठबिगारी व कोणतेही शोषण होत नसल्याची हमी द्यावी.’ यातला ‘संपूर्ण’ हा शब्द हातचा सोडू नका. संपूर्ण म्हणजे इतकं मोठं, की कुणी तपासायला जाणारच नाही. त्याऐवजी ‘माल जिथे शिवला जातो त्या दोन जागांचे पत्ते द्या, आम्ही येऊन बघू’ असं काही लिहून बसलात, तर कुणाला तरी खरंच जावं लागेल. गाडी कोण देणार, डिझेल कुठल्या शीर्षाखाली टाकणार?

दुसरं, निविदेचे दोन लिफाफे असतात, एक कागदपत्रांचा म्हणजे तांत्रिक, दुसरा दराचा. ही अट तांत्रिक लिफाफ्यातच राहू द्या. दराच्या लिफाफ्याकडे तिला फिरकू देऊ नका. तांत्रिक लिफाफ्यात प्रश्न एवढाच असतो, की प्रतिज्ञापत्र जोडलंय का? जोडलंय. पुढे चला. कामगाराला नीट पगार देणाऱ्याला चार गुण जास्त द्यावेत, असा विचार मनात आला तर बाहेर जाऊन एक कटिंग मारून या. एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दर भरणारा, डावलला की तक्रार आली, माहिती अधिकाराचा अर्ज आला, लेखापरीक्षणाचा आक्षेप आला. सगळ्यात कमी दराचा माल घेतला म्हणून कुणाची चौकशी लागलेली मी आजवर पाहिली नाही. दोन रुपये जास्त देऊन बरा माल घेतला म्हणून पेन्शन अडकलेला एक गृहस्थ मात्र अधूनमधून माझ्या पोटमाळ्यावर चहाला येतो. माणूस चांगला आहे. उदाहरण म्हणून जास्तच चांगला आहे.

आता दराचंच बघा. एका कार्यालयाला सफाई कामगारांसाठी रेनकोट, गमबूट आणि रबरी हातमोजे हवे होते. जो पास झाला त्याचा दर अंदाजपत्रकापेक्षा एकतीस टक्के खाली. मी स्वतःच्या हातानं तो आकडा भरलाय. भिवंडीत कापडाचा भाव सगळ्यांना एकच, जीएसटी एकच, टेम्पोचं भाडं एकच, मध्ये ज्यांना ज्यांना द्यायचं त्यांचाही दर साधारण ठरलेला. मग एकतीस टक्के कुठून निघाले? शिवणारा तेवढा उरतो. तो निविदेत कुठेच नसतो, त्यामुळे त्याच्याकडून कितीही काढता येतात. (रेनकोट सप्टेंबरात आले. विलंबाचा दंड पावसाच्या कारणानं माफ झाला.)

पाहणी करायचीच वेळ आली, तर कळवून करा. त्या रेनकोटांच्या वेळी मी साहेबांबरोबर गेलो होतो. तासभर माजिवड्याला अडकलो, मग कशेळीचा पूल, मग एका गल्लीत लोखंडी जिन्यानं वर. गाळा झाडूनपुसून लख्ख होता, बिस्किटं ताटलीत लावलेली. ‘येथे बालकामगार काम करत नाहीत’ ही पाटी इतकी नवी, की खिळ्याखाली भिंतीची भुकटी पडलेली दिसत होती. प्रथमोपचार पेटीला कुलूप, किल्ली शेठकडे, शेठ सुरतेला. हजेरीपटावर बत्तीस सह्या, सगळ्या एकाच निळ्या पेनाच्या आणि डावीकडे कललेल्या. पगाराचे बँकेचे कागद मात्र चोख, किमान वेतन पै न् पै ज्याच्या त्याच्या खात्यात. साहेबांनी मान डोलावली. तेवढ्यात मॅनेजरनं कॅल्क्युलेटर काढायला खण उघडला, तर आत रबर लावलेला एटीएम कार्डांचा गठ्ठा. वरच्या कार्डाच्या पाठीवर चार आकडे पेननं लिहिलेले. साहेबांना नेमक्या त्या क्षणी मोबाइलवर महत्त्वाचा मेसेज आला. ही कला प्रशिक्षणात शिकवत नाहीत, जमेल तशी आत्मसात करा.

परदेशी प्रमाणपत्र मिळालं तर सोन्याहून पिवळं. एसए ८००० नावाचं एक भारदस्त प्रमाणपत्र असतं, कामगारांना नीट वागवलं जातं असं सांगणारं. २०१२ मध्ये कराचीतल्या एका कपडे कारखान्याला ते मिळालं, आणि काही आठवड्यांतच तिथे आग लागून अडीचशेच्या वर माणसं गेली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या. कागद पूर्ण होते. तुमचा संबंध कागदाशी.

कुणी म्हणेल, साहेब, विलायतेत बघा किती कडक कायदे आहेत. बघाच. ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना दरवर्षी निवेदन काढावं लागतं, की आपल्या साखळीत गुलामी राहू नये म्हणून आम्ही काय काय केलं. आणि काहीच केलं नसेल, तर ‘आम्ही काहीच केलेलं नाही’ एवढं लिहिलं तरी कलमाची पूर्तता होते. इतका प्रामाणिक कायदा आपल्याकडे व्हायला अजून वेळ आहे. आपल्याकडे निदान खोटं लिहायची तसदी घ्यावी लागते.

एक खबरदारी घ्या. साखळी मागे मागे शोधणं अशक्य आहे, असं मीटिंगमध्ये कधी बोलून जाऊ नका. कुणीतरी ‘मेक इन इंडिया’चा २०१७ चा आदेश काढून दाखवेल. त्यात मालातला देशी भाग किती टक्के ते सांगावं लागतं. ५० टक्के किंवा जास्त असला तर पुरवठादार पहिल्या वर्गात, २० ते ५० असला तर दुसऱ्या, आणि खरेदी १० कोटींच्या वर गेली की हिशेबनिसाचा दाखला. म्हणजे स्क्रू कुठला, पत्रा कुठला, हे सगळं मागे जाऊन कळतं. आपल्याला लोखंड कुठलं ते कळलं पाहिजे, लोहाराची चौकशी नको, एवढंच.

आणखी एक ओळ कार्यालयात मोठ्यानं वाचू नका. कंत्राटदारानं मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकानं, म्हणजे ज्याचं काम त्यानं, भरायची, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात लिहिलेलं होतं आणि नव्या श्रम संहितेतही आलंय. रेनकोट शिवणारा तुमचा नव्हे, तो पुरवठादाराचा, तिथे तुम्ही सुटलात. पण गेटवरचा रखवालदार आणि कचरागाडीवरचा माणूस ठेकेदाराचा असला, तरी बुडालेली मजुरी मागत तुमच्याच दारात उभा राहू शकतो. त्याला ही ओळ सापडू नये यातच सगळ्यांचं भलं.

विटांचा विषय मात्र अजिबात काढू नका. शाळेची कुंपणभिंत बांधायची असेल तर निविदेत विटेचं माप लिहा, ताकद लिहा, पाणी किती शोषते ते लिहा, आणि पेन खाली ठेवा. भिवंडी, शहापूर, मुरबाडकडच्या भट्ट्यांवर दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं येतात. दर हजार विटांमागे असतो आणि मजूर म्हणजे जोडी, नवरा-बायको मिळून एक. पोरं हिशेबात धरत नाहीत, त्यामुळे बालमजुरीचा प्रश्नच येत नाही. ओल्या विटा सुकत घातल्या की त्या उलटायला हलकं माणूस लागतं, मोठ्याच्या वजनानं वीट दबते. सहा-सात वर्षांची पोरगी उकिडवी बसून रांगेनं विटा उलटत जाते, पाठीमागे तिच्याच पावलांचे ठसे. त्यातली एखादी वीट तिच्या वयाच्या मुलांच्या शाळेला लागते. हे कुणाला सांगू नका, उगाच कुणी कविता करायचा.

या कुटुंबांना पावसाळ्यातच मालक आगाऊ पैसे देऊन बांधून ठेवतो. त्या पैशाला ते काय म्हणतात माहितीय? बयाणा. हो, तुमच्या निविदेतला तोच शब्द, निविदा भरताना ठेवायच्या अनामतीचा. १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी बंद झाली, म्हणून बयाणा म्हणायचं. हंगामभर आठवड्याची खर्ची मिळते, शेवटी हिशेब होतो. बयाणा वजा, खर्ची वजा, दवाखाना वजा, आणि मालक म्हणतो, अजून अंगावर बाकी आहे, पुढच्या वर्षी ये.

तुमच्या बयाण्यात असा घोळ चालणार नाही हं. हरलेल्या निविदाधारकांची रक्कम वेळेवर परत गेली पाहिजे. केंद्राच्या वित्तीय नियमांत तर कंत्राट दिल्यापासून ३० दिवसांची मुदत घातलीय. एक दिवस उशीर झाला, तर सकाळी साडेदहाला त्यांचा माणूस तुमच्या टेबलाशी हजर. भट्टीवरून कुणी येत नाही. पावसाच्या तोंडावर ते वाडीवर परततात, आणि दिवाळी झाली की वाडीच्या तोंडाशी पुन्हा टेम्पो लागतो.