एका सेव्ह बटनापायी

फॉर्मवर सेव्ह बटन का नाही, असं ज्याने पहिल्यांदा विचारलं त्याला माझा कोपरापासून नमस्कार.

अ‍ॅक्सेसचा (म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅमचा) बाउंड फॉर्म, म्हणजे थेट टेबलाला बांधलेला, तसा गुणी. १९९२ पासून बिनबोभाट काम करतोय. टाईप करा, पुढच्या रेकॉर्डवर जा, झालं सेव्ह. कडेला पेन्सिल दिसतेय तोवर सगळं कच्चं, एस्केप एकदा दाबलं की त्या फील्डमधला बदल रद्द आणि परत दाबलं की अख्ख्या रेकॉर्डमधला. कोड शून्य. पण आपोआप सेव्ह होतं हेच लोकांच्या पचनी पडत नाही. "मी नुसतं बघत होतो हो, चुकून हात लागला, बदललं का ते?" हो, बदललं.

मग साहेबांचं फर्मान, बटन दाबल्याशिवाय टेबलाला धक्का लागता कामा नये. मी म्हटलं साहेब, बिफोर अपडेटमध्ये, म्हणजे सेव्हच्या आधी आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये, चार ओळी टाकतो, विचारेल सेव्ह करू का म्हणून, नाही म्हटलं की कॅन्सल आणि अनडू. नाही! त्यांनी कुठेतरी ऐकलेलं की प्रोफेशनल लोक अनबाउंड फॉर्म वापरतात.

अनबाउंड म्हणजे रेकॉर्ड सोर्स (फॉर्मचं टेबल) रिकामा, कंट्रोल सोर्स (प्रत्येक टेक्स्टबॉक्सचं फील्ड) रिकामे, आणि फॉर्म तुमच्याकडे बघत बसतो की आता काय. टेबलातून एकेक व्हॅल्यू उचलून टेक्स्टबॉक्समध्ये नेऊन ठेवायची आणि सेव्हला परत तीच हमाली उलट्या दिशेने. रेकॉर्डसेट (कोडमधून हाताळायची रेकॉर्ड्स) उघडा, एडिट म्हणा, फील्ड भरा, अपडेट म्हणा. हे शेवटचं अपडेट राहिलं तर एरर बिरर काही येत नाही, पत्र लिहून पाकिटात घातलं आणि पेटीत टाकलंच नाही तसं सगळं गुपचूप हवेत जातं.

त्यात नल, म्हणजे व्हॅल्यूच नाही. रिकामा टेक्स्टबॉक्स म्हणजे रिकामी स्ट्रिंग (शून्य अक्षरांचा मजकूर) नव्हे, नल, आणि तो स्ट्रिंग व्हेरिएबलमध्ये घातला की ९४ नंबरचा एरर हजर. म्हणून एनझेड (नलच्या जागी दुसरं काही देणारं फंक्शन) लावून रिकामी स्ट्रिंग करा, तर ती आकड्याच्या फील्डला चालत नाही. मग तिकडे परत नलच द्यायचा, म्हणजे एवढं फिरून आलो कुठे, तर निघालो तिथेच.

पेन्सिल गेली, डर्टी (बदल झालाय का ते सांगणारं) गेलं, ओल्ड व्हॅल्यूचा (बदलाआधीची व्हॅल्यू) उपयोग नाही, खालची पुढे-मागे जायची बटनं मुकी. फॉर्म बंद करताना "बदल सेव्ह करायचे राहिलेत" एवढं म्हणायला सुद्धा फ्लॅग आपणच ठेवायचा. आणि कुणाला कंटिन्युअस, म्हणजे एकाखाली एक रेकॉर्ड दाखवणारा, फॉर्म हवा असेल तर विषयच संपला, अनबाउंड टेक्स्टबॉक्स प्रत्येक ओळीत एकच व्हॅल्यू दाखवतो, पहिल्या ओळीत नाव लिहिलं की खालपर्यंत सगळ्यांचं बारसं.

पण खरी मजा तारखेत आहे. अपडेट क्वेरी (टेबलात बदल करणारी आज्ञा) स्ट्रिंग जोडून लिहायची तर तारीख हॅशच्या (#) चिन्हांमध्ये घालावी लागते, आणि ती आधी महिना मग दिवस अशी वाचली जाते, कॉम्प्युटरची रीजनल सेटिंग काही का असेना. ५ जून म्हणून ०५/०६ लिहा, टेबलात ६ मे. आता २५/०६ लिहा, पंचविसावा महिना कुठून आणणार, म्हणून ते स्वतःच समजून घेऊन २५ जून करतं! म्हणजे १२ तारखेपर्यंत घोळ आणि १३ पासून महिनाअखेरपर्यंत सगळं झकास. टेस्टिंग महिन्याच्या शेवटी केलं तर फॉर्म एकदम पास, आणि पुढच्या एक तारखेनंतर फोन सुरू.

एवढं सगळं उभं केलं की दोघंजण एकाच वेळी एकच रेकॉर्ड उघडतात. बाउंड फॉर्म अशा वेळी मध्ये पडून सांगायचा की बाबा, दुसऱ्या कुणीतरी हे बदललंय, काय करू? आता मध्ये पडणारं कुणी नाही, जो शेवटी सेव्ह दाबेल त्याचं खरं, पहिल्याची मेहनत पाण्यात आणि त्याला पत्ताही नाही. म्हणून सध्या टेबलात शेवटचा बदल कधी झाला त्याचं एक फील्ड टाकतोय, सेव्हच्या आधी ते क्वेरीच्या व्हेअरमध्ये, म्हणजे अटीत, जुळवून बघायचं. तारखेचं फील्ड आहे, म्हणजे हॅश आलेच.