मत ठरावाला द्या, माणसाला नाही!

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली आणि डोकं अजून तापलंय. विषय होता गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा. तीन कोटेशनं, १४ दिवस आधी नोटिशीसोबत घरोघरी दिलेली. मतदानाची वेळ आली तेव्हा माझ्या शेजारच्या काकांची नोटीस घडीसुद्धा न मोडलेली. त्यांनी आधी मान वळवून बी विंगकडे पाहिलं, तिथले हात खाली दिसले, मग यांचाही खाली. का? तर ठराव मांडणाऱ्याशी पार्किंगवरून वाकडं! अहो, गळती पार्किंगमध्ये नाही, सर्वात वरच्या मजल्यावरच्या आजींच्या पलंगावर होतेय. जूनपासून तिथे पातेलं ठेवलंय.

विरोध जरूर करा, हक्कच आहे तुमचा. १९६० च्या सहकार कायद्यात एका सभासदाला एक मत आहे, मग फ्लॅट केवढाही असो. पण विरोध कशाला, ते एका वाक्यात तरी सांगा! दर जास्त वाटला? कंत्राटदार नको? तिथल्या तिथे ठरावात दुरुस्ती सुचवता आली असती. सभेत सगळे गप्प, आणि नंतर जिन्यात अर्धा तास चर्चा! ठराव पडला. परवा रात्री पुन्हा पाऊस झाला, आजी पहाटेपर्यंत जाग्याच होत्या.