डोंगल बाद नाही, रेट चुकलाय

कोल्हापुरात रेडिओच्या नादाला लागलेल्या पोरांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: "आरटीएल-एसडीआर डोंगलचा सॅम्पलिंग रेट कायम सगळ्यात वर, 3.2 वर ठेवा. जेवढे जास्त सॅम्पल, तेवढा आवाज स्वच्छ. नायक्विस्टचा नियमच आहे, फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट रेट पाहिजे."

हा डोंगल म्हणजे कॉम्प्युटरच्या यूएसबीत खोचून रेडिओ सिग्नल पकडायचं छोटं यंत्र, आणि सॅम्पलिंग रेट म्हणजे ते सिग्नल सेकंदाला किती वेळा मोजतं तो आकडा, दशलक्षात. नियम खरा, लावलाय चुकीचा. मेसेजच्या हिशेबानं आकाशवाणी कोल्हापूरच्या 102.7 मेगाहर्ट्झसाठी सेकंदाला 20 कोटींवर सॅम्पल लागतील. 3.2 म्हणजे जेमतेम 32 लाख, तरी स्टेशन लागतंच की! कारण डोंगलमधला ट्यूनर ती फ्रिक्वेन्सी आधीच खाली आणतो, आणि रेट ठरतो तो स्टेशननं व्यापलेल्या पट्ट्यावरून. एका एफएम स्टेशनचा पट्टा साधारण 200 किलोहर्ट्झचा. डोंगल दर सॅम्पलला आय आणि क्यू अशी दोन मोजमापांची जोडी देतो, म्हणून दुपटीचीही गरज नाही. 2 लाख 40 हजारांत भागतं.

जास्त सॅम्पल म्हणजे स्वच्छ आवाज, यात थोडं तथ्य आहे. जास्त घेऊन नंतर फिल्टर करून कमी केले की नॉइज उतरतो. पण 2.4 वरून 3.2 वर जाऊन फार तर सव्वा डेसिबल पदरात पडतो, तो कानाला कळतही नाही. आणि जातं काय? एका सॅम्पलला 2 बाईट, म्हणजे 3.2 ला सेकंदाला 6.4 एमबी. हा वेग बहुतेक डोंगलांना झेपत नाही. गच्चीवर टाकीशेजारी अँटेना लावून मी आरटीएल-टेस्ट चालवली, म्हणजे सॅम्पल हरवतात का ते दाखवणारा प्रोग्रॅम. 3.2 ला स्क्रीनवर "लॉस्ट ॲट लीस्ट" इतके बाईट, अशा ओळींवर ओळी. 2.4 ला पाच मिनिटांत एकही नाही. हरवलेल्या सॅम्पलांमुळं आवाजात टिकटिक येते, आणि ती ऐकून पोरं चांगले डोंगल कपाटात टाकतात, याचं मला वाईट वाटतं.

2.4 च का? साउंड कार्डला सेकंदाला 48 हजार सॅम्पल लागतात, तिथून उलटं मोजा. 24 लाखांना 10 नं भागा, 2 लाख 40 हजार. त्याला 5 नं भागा, 48 हजार. निःशेष भाग जातो. 2.048 घेतलात तर भागाकार 42.67 येतो, अपूर्णांकाचं रीसॅम्पलिंग, म्हणजे मधले सॅम्पल हिशेबानं काढणं, जमतं, पण जुन्या लॅपटॉपला उगाच दमवतं.

मोठा रेट खरंच लागतो तो उजळाईवाडीला उतरणाऱ्या विमानांचे 1090 मेगाहर्ट्झचे सिग्नल पकडताना. त्यातली एकेक पल्स अर्ध्या मायक्रोसेकंदाची असते, 2 च्या खाली गेलात की निसटते. तिथंही 2.4 पुरतं.