ऑस्ट्रेलियाने ‘सगळ्या बंदुका’ काढून घेतल्या नव्हत्या

कुठे गोळीबार झाला की व्हॉट्सअॅपवर एक मजकूर हमखास फिरतो: ‘१९९६ नंतर ऑस्ट्रेलियाने नागरिकांच्या सर्व बंदुका जप्त केल्या, तेव्हापासून तिथे एकही सामूहिक हत्याकांड झालं नाही.’ यातली दोन्ही विधानं चुकीची आहेत.

एप्रिल १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यातल्या पोर्ट आर्थर इथे एका हल्लेखोराच्या गोळीबारात ३५ जण मारले गेले. त्यानंतर पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी राज्यांना एकत्र आणून बंदी घातली ती मुख्यतः सेमी-ऑटोमॅटिक (प्रत्येक गोळीनंतर पुढची आपोआप भरणाऱ्या) रायफली आणि पंप-अॅक्शन (पुढची मूठ मागेपुढे ओढून झटपट गोळी भरायच्या) शॉटगनवर. सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका घेतल्या खऱ्या, पण भरपाई देऊन. त्यासाठी वर्षभर जादा कर लावला. हॉवर्ड स्वतः उजव्या विचारांचे, हे मजकुरात कधीच नसतं. चिडलेल्या बंदूकधारकांच्या सभेत ते कोटाखाली बुलेटप्रूफ जॅकेट घालून बोलले होते.

शेतकरी, शिकारी, नेमबाज यांच्याकडे आजही परवान्याच्या बंदुका आहेत, नोंदणीकृत बंदुकाच तीस लाखांहून अधिक. मात्र परवान्यासाठी ठोस कारण लागतं आणि ‘स्वसंरक्षण’ हे कारण चालत नाही. शिवाय बंदूक कुलूपबंद ठेवणं ही तिथे मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे.

दुसरं विधान तर साफ खोटं. २०१८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ऑस्मिंग्टनला एकाच कुटुंबातले सात जण गोळ्यांनी मेले.