220 वजा वय वाला फॉरवर्ड आणि आमचे घाबरलेले काका

सकाळी जळगावच्या मेहरूण तलावावर फिरणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला. म्हणे 220 मधून वय वजा करा, व्यायामात ठोके त्याच्या वर गेले की अटॅक आलाच समजा, लगेच जागेवर बसा नि जोरजोरात खोका. ग्रुपातल्या एका काकांनी त्या भीतीनं चालणंच सोडलं म्हणून लिहितोय, नाहीतर फॉरवर्डच्या नादी कोण लागतं भो.

पहिलं ते 220. ही 1971 च्या आसपासची, वेगवेगळ्या अभ्यासांच्या आकड्यांमधून अंदाजानं ओढलेली रेघ आहे. 2001 मध्ये दुसरं सूत्र आलं, 208 वजा वयाच्या 0.7 पट. साठीच्या माणसाला पहिल्यानं 160 येतात, दुसऱ्यानं 166, आणि तेही सरासरीच, एकाच वयाच्या दोघांत 10-20 ठोक्यांचा फरक सहज असतो. म्हणजे हा धोक्याचा आकडा नाहीच, पूर्ण जोर लावल्यावर हृदय साधारण कितीपर्यंत जातं त्याचा अंदाज आहे. आणि बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ठोके मुळात तेवढे वर जातच नाहीत, तिथं हे गणित निकामी.

"घड्याळात 170 दिसले", हे काकांचं. घड्याळ मनगटावर उजेड टाकून ठोके मोजतं, पट्टा सैल असला की पळताना पावलांचा ठेकाच ठोके म्हणून पकडतं, आणि जॉगिंगची पावलं मिनिटाला 160-170 पडतातच. मी काकांना बाकाजवळ थांबवून अंगठ्याखालच्या नाडीवर दोन बोटं ठेवली, 15 सेकंदात 31 ठोके, गुणिले 4, म्हणजे 124. घड्याळ तेव्हाही 168 वरच अडकलेलं!

आता आपल्याकडं ठोके वाढायचं खरं कारण, ते मेसेजमध्ये नाहीच. ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 44-45 ला जातो, सकाळी आठलाच अंग भाजतं. शरीर गार ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामानं पाणी कमी होतं, मग एका ठोक्यात कमी रक्त जातं आणि हृदय ती कसर ठोके वाढवून भरून काढतं. वेग तोच असला तरी आकडा वाढतो. तेव्हा साडेपाचला निघा, पाणी पिऊन निघा, आणि बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही एवढाच वेग ठेवा, याला यंत्र लागत नाही. बोलणंच तुटायला लागलं की वेग कमी करायचा, बस.

"लगेच बसा" हे तर उलटं आहे. पळता पळता एकदम थांबलं की पायातलं रक्त पायातच साचतं, कारण ते वर ढकलणाऱ्या पोटऱ्या थांबलेल्या असतात, बीपी पडतं, चक्कर येते. पाच मिनिटं हळूहळू चालत थांबायचं. पण छातीत दाब, जबडा-हाताकडे जाणारी कळ, डोळ्यापुढं अंधारी, नाहीतर काही न करता ठोके अचानक धडधडायला लागले, तर मात्र बसायचंच, मग आकडा 110 असला तरी, आणि 108 ला फोन करायचा.

राहिलं खोकणं. अमेरिकन हार्ट असोसिएशननंच सांगितलंय की सामान्य माणसानं अटॅकवर उपाय म्हणून खोकू नये, आणि त्यात फोन करायचा वेळ जातो तो वेगळाच. काका उद्यापासून येतो म्हणालेत, घड्याळ घरी ठेवून.