हॉब्स राजांचा भाट नव्हता: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक जुना वाचक’ यांस,

पाश्चात्य राजकीय विचारांच्या इतिहासातली वाचायलाच हवीत अशी पुस्तकं मी गेल्या लेखात सुचवली होती. त्याखालची आपली प्रतिक्रिया वाचली. तिचं पहिलंच वाक्य आहे, “बाईंनी वर्गातल्या जुन्या नोट्स झटकून पुन्हा वाळत घातल्या आहेत.” पुढे आपण म्हणता की सतराव्या शतकातला इंग्रज विचारवंत टॉमस हॉब्स हा राजांचा भाट होता, त्याच्या ‘लेव्हायथन’ या राज्यसत्तेवरच्या ग्रंथाला आवश्यक वाचनात बसवणं म्हणजे हुकूमशाहीला शाल-श्रीफळ देणं, आणि त्याचं सार दोन ओळींत सांगता येत असताना एवढा ग्रंथ वाचायचा कशाला. मग तीन तक्रारी: जॉन लॉक आणि जॉन स्टुअर्ट मिल या स्वातंत्र्यवादी इंग्रज विचारवंतांचे वसाहती हितसंबंध मी झाकले, यादीत एकही स्त्री नाही, आणि मानवी हक्कांचा कैवारी लेखक टॉमस पेन नाही.

पेनचं आधी सांगते, कारण तिथे आपलं म्हणणं मला मान्य आहे. त्याच्या ‘राइट्स ऑफ मॅन’चा जोतीराव फुल्यांवर झालेला परिणाम सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा मराठी वाचकाच्या यादीत ते पुस्तक शोभेल. आज ते घातलं आहे. आपण नाव दिलं असतंत तर आभारही नावानिशी मानले असते.

आता नोट्सबद्दल. मतभेदाचं मला वावडं नाही, पण ज्या माणसाला आपण कधी भेटलो नाही त्याने काय वाचलं आणि काय उतरवून काढलं हे ठरवून टाकायचं, तेही टोपणनावाच्या आडून, याला मी टीका म्हणत नाही. एम.ए. मी नोकरी आणि घर सांभाळून बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून केलं. वर्ग नव्हता, शिकवायला कुणी नव्हतं, होतं ते बाजारातलं गाइड. त्या गाइडमध्ये हॉब्सखाली ठळक अक्षरांत छापलेलं होतं: ‘निरंकुश राजेशाहीचा पुरस्कर्ता’. ते मी पाठ केलं, उत्तरपत्रिकेत लिहिलं आणि पास झाले. मूळ पुस्तक हातात आलं ते तालुक्याच्या कॉलेजात शिकवायला लागल्यावर, आणि तेव्हा कळलं की त्या एका ओळीने मला काय काय वाचू दिलं नव्हतं. तुमच्या प्रतिक्रियेत हॉब्सविषयी जे वाक्य आहे ते त्याच गाइडच्या ओळीचं भावंड आहे. मग नोट्स कोण वाळत घालतंय?

‘राजांचा भाट’ म्हणता, तर त्या काळच्या राजेशाहीवाद्यांनाच विचारून पाहू. इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यातला ताण वाढला तसा १६४० मध्ये हॉब्स पॅरिसला पळाला. तिथे त्याने निर्वासित युवराजाला, म्हणजे पुढच्या चार्ल्स दुसऱ्याला, गणित शिकवलं. इथपर्यंत तुमचं चित्र जुळतं. पण १६५१ मध्ये ‘लेव्हायथन’ बाहेर आलं आणि त्याच निर्वासित दरबाराने त्याला दारं बंद केली. तो मुकाट्याने लंडनला परतला, जिथे राजाचं डोकं उडवणाऱ्यांचं राज्य होतं. बिशप ब्रॅमहॉल हा कट्टर राजनिष्ठ. त्याने १६५८ मध्ये या पुस्तकावर हल्ला चढवला आणि याला बंडखोरांची प्रश्नोत्तरी म्हणावं असं लिहिलं. राजाचा मंत्री राहिलेल्या क्लॅरेंडनने त्याच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, ते १६७६ मध्ये छापून आलं. लंडनच्या आगीनंतर १६६६ मध्ये नास्तिकतेच्या पुस्तकांची चौकशी पार्लमेंटमध्ये निघाली, तीत ‘लेव्हायथन’चं नाव घेतलं गेलं. हॉब्स १६७९ मध्ये, एक्क्याण्णव वर्षांचा होऊन वारला. चार वर्षांनी, १६८३ मध्ये, ऑक्सफर्ड विद्यापीठाने घातक पुस्तकं जाळली, त्यांत त्याचीही होती. त्या वेळच्या ठरावात ज्या मतांचा धिक्कार केला आहे त्यातलं पहिलं मत असं की सगळी नागरी सत्ता मुळात लोकांकडून येते.

चार्ल्स दुसऱ्याने गादीवर आल्यावर आपल्या जुन्या शिक्षकाला पेन्शन लावून दिली हे खरं आहे. तेवढं तुम्ही घ्या. पण राजनिष्ठ माणसं एवढी का चिडली होती, याचं उत्तर गाइडमध्ये नाही. ते ‘लेव्हायथन’च्या तेराव्या प्रकरणात आहे.

त्या प्रकरणातलं एकच वाक्य सगळ्यांना माहीत असतं, की सत्ता नसेल तिथे माणसाचं आयुष्य एकाकी, दरिद्री, ओंगळ, पाशवी आणि अल्प असतं. प्रकरण सुरू कुठून होतं ते कुणी सांगत नाही. ते सुरू होतं समानतेपासून. सगळ्यांत दुबळा माणूसही कपटाने किंवा इतरांशी संगनमत करून सगळ्यांत बलवानाला मारू शकतो, म्हणून माणसं सारखी आहेत, असं हॉब्स मांडतो. इथे देवाने दिलेला राजमुकुट नाही आणि जन्माने मोठं घराणंही नाही. भ्यालेली, साधी, सारख्या ताकदीची माणसं आहेत, आणि ती आपसांत करार करून सत्ता उभी करतात. ती सत्ता एका माणसाच्या हाती असेल किंवा सभेच्या हाती, हॉब्सला दोन्ही चालतं, राजा त्याला अधिक सोयीचा वाटतो एवढंच. रॉबर्ट फिल्मर हा खरा राजसत्तेचा वकील, राजाचा अधिकार थेट आदमपर्यंत नेणारा. त्याने १६५२ मध्ये लिहिलं की हॉब्स सार्वभौमाला, म्हणजे राज्यातल्या सर्वोच्च सत्तेला, जे अधिकार देतो ते मला पटतात, पण ते तो ज्या वाटेने मिळवून देतो ती पटत नाही. फिल्मरला धोका बरोबर दिसला होता. जी सत्ता लोकांच्या करारातून येते तिला लोक कधी ना कधी हिशेब विचारणार.

एकविसावं प्रकरण तर मी वर्गात दरवर्षी मोठ्याने वाचून दाखवत असे. तिथे हॉब्स म्हणतो की सार्वभौमाने एखाद्याला स्वतःला ठार करायला किंवा जखमी करायला सांगितलं, अगदी न्यायाने दोषी ठरवून सांगितलं, तरी त्या माणसाला ते न मानण्याची मोकळीक आहे. लढाईतून भीतीपोटी पळणारा शिपाई भित्रा ठरेल, पण अन्यायी ठरणार नाही. आणि प्रजेचं बंधन टिकतं ते सत्ता तिचं रक्षण करू शकते तोवरच, त्यापुढे नाही. हे छापलं गेलं चार्ल्स पहिल्याचा शिरच्छेद झाल्यानंतर दोनच वर्षांनी. निर्वासित दरबाराने ते वाचलं तेव्हा त्यांना काय ऐकू आलं असेल? जो राजा तुमचं रक्षण करू शकत नाही त्याचे तुम्ही काही लागत नाही. माझ्या वर्गात सैन्यभरतीची तयारी करणारी मुलं असायची. पळणाऱ्या शिपायावर त्यांच्यात जो वाद पेटायचा तो दुसऱ्या कुठल्याच विचारवंतावर पेटला नाही. तास संपला तरी ती बोलत बसायची. हे दोन ओळींच्या साराने होत नाही.

हॉब्स लोकशाहीवादी होता असं मी लेखात म्हटलेलं नाही, आताही म्हणत नाही. कोणती मतं पसरू द्यायची हे ठरवण्याचा अधिकार तो सार्वभौमाला देतो. प्रजेने सत्ता बदलू नये म्हणतो, सत्तेची विभागणी त्याला राज्याचा रोग वाटते. हे सगळं भयंकर आहे आणि म्हणूनच ते मुळातून वाचावं लागतं. समानता, करार आणि भीती इथपासून निघालेला माणूस इतक्या कठोर सत्तेपाशी कसा पोचतो? ती वाट पावलापावलाने तपासल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही. ‘हुकूमशाहीचा समर्थक’ म्हणून पुस्तक मिटलं की मनाला बरं वाटतं, पण त्याचा युक्तिवाद तसाच उभा राहतो. आज लोक सुरक्षेच्या नावाखाली आपले हक्क आपण होऊन सोडून देतात, तेव्हा ते हॉब्सचंच गणित मांडत असतात, त्याच्या एकविसाव्या प्रकरणातल्या अटी वगळून. तुम्हाला हे वाचायला नको वाटतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बाकीच्या मुद्द्यांना थोडक्यात. लॉकने रॉयल आफ्रिकन कंपनीत पैसे गुंतवले होते आणि ती कंपनी गुलामांचा व्यापार करत होती. मिलने १८२३ ते १८५८ ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरी केली आणि ‘ऑन लिबर्टी’च्या पहिल्याच प्रकरणात आपल्यासारख्या समाजांना स्वातंत्र्याच्या तत्त्वातून वगळलं. हे राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला माहीत असतंच. मी पुस्तकांची शिफारस केली होती, चारित्र्याचे दाखले वाटले नव्हते. यावर याहून जास्त लिहायची मला गरज वाटत नाही.

स्त्रियांबद्दल म्हणाल तर स्त्रियांच्या हक्कांसाठी लिहिणाऱ्या मेरी वुल्स्टनक्राफ्टवर स्वतंत्र लेख लिहायचा आहे, तिला यादीत एका ओळीत उरकायचं नव्हतं. आणि ज्याला तुम्ही भाट म्हणून बाजूला सारलंत त्याच हॉब्सने विसाव्या प्रकरणात लिहून ठेवलंय की निसर्गावस्थेत, म्हणजे राज्यसत्ता नसलेल्या स्थितीत, मुलावरचा अधिकार आईचा असतो, कारण बाप कोण हे तिच्या सांगण्यावरूनच कळतं आणि मूल जगवायचं की टाकून द्यायचं हे तिच्याच हाती असतं. सतराव्या शतकात हे लिहायला छाती लागते. माझ्या यादीत स्त्री नाही म्हणून रागावणाऱ्याने ते प्रकरण तरी वाचायचं होतं.

पुस्तकाची सगळी सत्तेचाळीस प्रकरणं वाचा असा माझा आग्रह नाही. शेवटचे दोन भाग बायबल आणि चर्च यांच्याविषयी आहेत, ते सावकाश वाचले तरी चालतील. तेरा, चौदा, सतरा, अठरा, एकवीस आणि तीस ही प्रकरणं मात्र वाचा. जे स्वतःच्या श्रमावर जगू शकत नाहीत त्यांना लोकांच्या दानधर्मावर सोडू नये, राज्याच्या कायद्याने त्यांची सोय करावी, असं तिसाव्यात लिहिलेलं सापडेल. ते वाचूनही तुमचं मत कायम राहिलं तर जरूर लिहा, नाव घालून लिहा. मी प्रकरणागणिक उत्तर देईन. ‘नोट्स’सारख्या शेऱ्यांना मात्र यापुढे उत्तर मिळणार नाही.