माळ वाढली, कावीळ नाही उतरली
काविळीवरच्या तुमच्या लेखात पाणी उकळून प्या, उघड्यावरचं खाऊ नका, हे सांगितलंय ते बरोबरच. पण सगळी कावीळ पाण्यातून येत नाही, हे एका ओळीत उरकायला नको होतं. पाण्यातून येतात ते हिपॅटायटिसचे (लिव्हरला सूज आणणारे) ए आणि ई हे विषाणू. २०१२ साली इचलकरंजीत जी साथ आली ती ई ची. गरोदर बाईला ई झाला तर जिवावर बेततं, हेही लिहायला हवं होतं.

बी आणि सी रक्तातून पसरतात आणि वर्षानुवर्षं गुपचूप लिव्हर पोखरतात. आमच्या मामांचे डोळे पिवळे झाले तेव्हा गावात कावीळ उतरवायला ओल्या काड्यांची माळ घातली; ती लांबली की कावीळ उतरते, असा समज. माळ रोज लांब होते म्हणून सगळे खूश! अहो, ओल्या काड्या वाळून बारीक झाल्या की गाठी सैल पडतात, माळ लांबणारच. दोन महिने त्यात गेले. रक्त तपासलं तर बी निघाला. आता रोज टेनोफोविरची एक गोळी चालू आहे. असा मुरलेला बी सहसा मुळापासून जात नाही, आटोक्यात राहतो. मग मामी आणि मुलांचीही तपासणी करून लस दिली. बाळाला ही लस जन्मल्यापासून २४ तासांत मिळायला हवी.

सी ला लस नाही, पण साधारण १२ आठवडे गोळ्या घेतल्या की बहुतेक जण पूर्ण बरे होतात. सरकारच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून ही औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. आणि बी, सी रक्तातून पसरतात, म्हणून सलूनमध्ये नवीन ब्लेड मागायला लाजू नका.